गोलंदाजाचा गोळा, फलंदाजाची फळी

गोलंदाज हा शब्द क्रिकेटवाल्यांनी तोफखान्याकडून उसना घेतला आणि परत केलाच नाही. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे टाकणं, फेकणं, सोडणं. तीर सोडणारा तो तिरंदाज, वीज फेकणारा म्हणजेच बंदूक चालवणारा तो बर्कंदाज आणि गोळा टाकणारा तो गोलंदाज. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या कोशात गोलंदाज तोफेपाशीच उभा आहे. त्याच्या हाती चेंडू यायला अजून बराच अवकाश होता. ‘पावसाचा अंदाज’, ‘खर्चाचा अंदाज’ यांतला अंदाजही याच क्रियापदाच्या घरातला. गोळा किती लांब पडेल, कुठं पडेल, हा हिशेब शब्दाच्या पोटातच बसलेला आहे. टप्पा हुकलेल्या गोलंदाजाचा ‘अंदाज चुकला’ असं आपण म्हणतो, तेव्हा नकळत त्याची व्युत्पत्तीच सांगत असतो.

नगरकरांनी तर या शब्दावर हक्कच सांगावा. (जिल्हा २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाला, एसटीच्या थांब्यावर अजून ‘नगर, नगर’ अशीच हाळी येते.) बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, १५४९ मध्ये, मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या तुर्की ओतकामगारानं मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली ती नगरला. लांबी चौदा फुटांहून जास्त, वजन पन्नास टनांहून अधिक, आणि तोंडाशी जबडा वासलेला सिंह. पुढं ती परांड्याहून विजापूरला गेली आणि आजही तिथल्या बुरुजावर आहे. मराठीनं तिचं नाव ‘मुलूखमैदान’ करून टाकलं, आणि सभा गाजवणाऱ्या वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणायची पद्धत पडली. तोफ विजापूरनं नेली, वाक्प्रचार सगळ्या महाराष्ट्रानं वाटून घेतला. ओतणाऱ्या गावाकडं उरला तो तोफखाना नावाचा मोहल्ला आणि त्याच नावाचं पोलीस ठाणं. चांदबिबीनं १५९५-९६ च्या वेढ्यात दारूगोळा संपल्यावर चांदीचे गोळे डागले, अशी दंतकथा नगरच्या किल्ल्याभोवती सांगतात. खरी असो-नसो, इतक्या महागड्या गोलंदाजीची कथा दुसऱ्या गावाला सुचली नाही. आजही लष्कराचं चिलखती दलाचं केंद्र इथंच आहे, रणगाड्यांचं संग्रहालय इथंच आहे, आणि सरावाचे गोळे सुटले की आसपासच्या गावांत खिडक्यांच्या काचा थरथरतात.

तर अशा जिल्ह्यात, श्रीरामपूरला, ७ ऑक्टोबर १९७८ रोजी झहीर खान जन्मला. डावखुरा, उंच, आणि पावलागणिक वेग धरत येणारा. नैरोबीत २००० च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं एकदिवसीय पदार्पण केलं आणि चारच दिवसांनी, स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी, ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा यॉर्करवर त्रिफळा उडवला. ज्यांनी तो चेंडू दूरदर्शनवर पाहिला, त्यांना गोलंदाज शब्दातला ‘गोळा’ समजावून सांगावा लागला नसेल. २०११ च्या विश्वचषकात त्याच्या नावावर २१ बळी होते, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनं स्पर्धेत सर्वाधिक. पण माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा पराक्रम आकड्यांच्या यादीत ठळक दिसतच नाही. वानखेडेवरच्या श्रीलंकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात, अख्खं मैदान ओरडत असताना, त्यानं पहिली तीन षटकं ओळीनं निर्धाव टाकली. पहिल्या पाच षटकांत फक्त ६ धावा आणि उपुल थरंगाचा बळी. शेवटी त्याच्या नावापुढं १० षटकांत ६० धावा लागल्या आणि ते पहिलं अर्ध्या तासाचं मौन आकड्यांत बुडालं.

‘निर्धाव’ हा शब्द मला फार आवडतो. संस्कृतचा ‘निर्’ आणि आपल्या रोजच्या धावण्यातली ‘धाव’ यांची सोयरीक करून तो बनवला आहे. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडावं असा. कारण तत्सम उपसर्ग तत्सम शब्दालाच लावावा, असा व्याकरणाचा संकेत. पण निर्धन, निर्दोष, निर्जळ यांच्या रांगेत तो इतका सहज बसला की कुणी जातपात विचारली नाही. इंग्रजीत त्याच षटकाला ‘मेडन’, म्हणजे कुमारिका म्हणतात. ते मराठीत शब्दशः न आणण्याचं शहाणपण ज्या कुणी वार्ताहरानं दाखवलं, त्याचे आभार मानायला हवेत.

गोलंदाज तयार होता. त्याच्या समोर उभा राहणाऱ्याला नाव हवं होतं. मग गोलंदाजाच्या साच्यातून फलंदाज काढला गेला. अर्थ लावायला गेलं तर भलताच निघतो. गोलंदाज गोळा टाकतो, तसा फलंदाज फळी टाकतो? बॅट हातातून निसटून स्क्वेअर लेगच्या पंचाकडं भिरभिरत जाते, तेवढ्या क्षणापुरताच एखादा खेळाडू व्युत्पत्तीनं खराखुरा फलंदाज ठरतो. तरीही शब्द चालला, आणि काय झोकात चालला! भाषेत अर्थापेक्षा यमकाला जास्त वजन असतं, याचा इतका सोपा पुरावा दुसरा नाही. गोलंदाज-फलंदाज ही जोडी कानाला जुळ्यांसारखी लागली, आणि जुळ्यांत एकाचं बारसं झालं की दुसऱ्याचं आपोआप होतं.

त्यातली ‘फळी’ मात्र आयात केलेली नाही. चेंडूफळी हा खेळ मराठीला इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. गौळणींतला कृष्ण सवंगड्यांबरोबर यमुनेकाठी चेंडूफळी खेळतो. चेंडूला कानडीत ‘चेंडु’च म्हणतात, आणि झेंडूच्या फुलाला ‘चेंडु हूवु’. दसऱ्याच्या आधी नगर तालुक्यातल्या रानात झेंडू तोडणाऱ्या बाया एका अर्थी चेंडूच गोळा करत असतात. फळी म्हणजे लाकडाची सपाट पट्टी, संस्कृत फलकाची धाकटी बहीण. मोठा भाऊ फलक शाळेत आणि मैदानात गेला: कृष्णफलक, नामफलक, धावफलक. धाकटी फळी घरात राहिली. मांडणीची फळी, झोपाळ्याची फळी, दुकानाची रात्री लावायची फळी. मग ती सैन्यात शिरली. माणसांची रांग, तुकडी, म्हणजेही फळी. कार्यकर्त्यांची फळी, फळी उभारणं, फळी फुटणं. तिथून क्रिकेटला ‘आघाडीची फळी’ आणि ‘मधली फळी’ मिळाली. म्हणजे मधल्या फळीतला फलंदाज म्हटलं की फळी दोनदा आली: एकदा हातात, एकदा रांगेत. आणि तो दांड्या उडून बाद झाला की त्रिफळा, म्हणजे तिसऱ्यांदा! हिरडा, बेहडा, आवळा यांचं चूर्ण पोट साफ करतं, तसा हा त्रिफळा डाव साफ करतो. हा विनोद कुणी मुद्दाम केला की आपसूक झाला, देव जाणे. पण आयुर्वेदातला शब्द मैदानात इतका चपखल बसलेला दुसऱ्या कुठल्या भाषेत मी तरी पाहिला नाही.

फलंदाज जे कमावतो, त्याचं नाव ‘धाव’. हा शब्द पांढऱ्या कपड्यांच्या पाच दिवसांच्या क्रिकेटला शोभत होता; झटपट क्रिकेटनं त्याला अडचणीत आणलं. सचिन तेंडुलकरनं २४ फेब्रुवारी २०१० ला ग्वाल्हेरला नाबाद २०० केल्या तेव्हा २५ चौकार आणि ३ षटकार मिळून ११८ झाल्या. उरलेल्या ८२ धावा खरोखर धावून काढल्या होत्या. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं ते पहिलं द्विशतक. आता नागपुरात जन्मलेल्या रोहित शर्माचं २२ डिसेंबर २०१७ चं इंदूरचं शतक घ्या. ३५ चेंडूंत शतक, ४३ चेंडूंत ११८; त्यात १२ चौकार आणि १० षटकार, म्हणजे १०८. सगळ्या डावात तो धावला फक्त दहा धावांसाठी. आणि आपल्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे? ज्याला सगळे कसोटीचा, सबुरीचा फलंदाज म्हणतात, त्यानं २०१२ च्या आयपीएलमध्ये बेंगळूरला एका षटकाच्या सहाही चेंडूंवर चौकार मारले. आयपीएलमध्ये हे तोवर कुणी केलं नव्हतं. चोवीस धावा, आणि धावायची एकही गरज नाही. त्याच रहाणेनं २०११ मध्ये मँचेस्टरला वीस षटकांच्या आंतरराष्ट्रीय पदार्पणात ३९ चेंडूंत ६१ केल्या होत्या, हे आता फारसं कुणी आठवत नाही. षटकार मारणाऱ्यांच्या गर्दीत चौकारवाल्याचं असंच होतं.

चौकार आणि षटकार ही जोडीही गमतीची. चौ हा प्राकृतातून झिजून आलेला, घरात वावरणारा चार. चौरंग, चौकट, चौघडा. षट् मात्र सोवळ्यातला संस्कृत सहा. एकाच साच्यातून काढायचे तर चतुष्कार-षट्कार व्हायला हवे होते, नाहीतर मग हिंदीसारखे चौका-छक्का. मराठीनं दोन्ही वाटा सोडल्या. एक आडवा जमिनीवरून जाणारा फटका, त्याला जमिनीवरचा शब्द. दुसरा उंच जाणारा, त्याला उंच शब्द. यज्ञात आहुती टाकताना ‘वषट्’ असा उच्चार करतात, तो वषट्कार. विष्णुसहस्रनामात तो तिसऱ्याच नावाला भेटतो. षटकार त्यातून निघाला असं मी म्हणणार नाही. पण ज्या पिढीनं हे शब्द रुजवले तिच्या कानात संध्याकाळचं स्तोत्र होतं, आणि तोंडाला वळण कानावरूनच लागतं. पुढं हा शब्द इतका लाडका झाला की संदीप पाटील यांच्या संपादनाखालच्या क्रीडापाक्षिकानं नावच घेतलं, ‘एकच षटकार’.

षटक शब्द मात्र थोडा घाईनं ठेवला गेला, असं मला वाटतं. अष्टक, दशक, शतक तसं षटक: सहांचा गट. मोजायला सोपं, बोलायला सुटसुटीत. पण इंग्लंडमध्ये १८८९ पर्यंत ओव्हर चार चेंडूंची होती, मग पाचाची झाली, आणि १९०० पासून सहाची. ऑस्ट्रेलियात तर १९७८-७९ पर्यंत आठ चेंडूंची ओव्हर होती. विजय हजारेंनी १९४७-४८ च्या दौऱ्यात ॲडलेडला एकाच कसोटीत दोन शतकं ठोकली, ती आठ चेंडूंच्या ‘षटकां’ना तोंड देत. पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना ५ जानेवारी १९७१ ला मेलबर्नला झाला तो चाळीस-चाळीस ओव्हरांचा, आणि तीही ओव्हर आठाची. म्हणजे झटपट क्रिकेटचा जन्मच मुळी अष्टकांत झाला! इंग्लंडच्या ‘हंड्रेड’ स्पर्धेत आता पाच-पाच चेंडू मोजतात. तिथं काय, पंचक म्हणायचं? मराठी माणूस पंचक म्हटलं की आधी पंचांग काढेल.

सहाचा हा हिशेब महाराष्ट्राच्याच एका पोरानं उधळला. २८ नोव्हेंबर २०२२ ला अहमदाबादला विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात पुण्याच्या ऋतुराज गायकवाडनं उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले. एक नोबॉल पडला आणि सहांच्या गटात सात मावले. षटकात ४३ धावा, डावात नाबाद २२०. एका षटकात सात षटकार हा जागतिक विक्रम आहे. युवराज सिंगनं २००७ मध्ये डर्बनला स्टुअर्ट ब्रॉडला सहा मारले, तेव्हा षटक, षटकार आणि सहा चेंडू असा ‘षट्’चा त्रिवेणी संगम झाला होता. ऋतुराजनं व्याकरणच मोडलं. संख्येच्या बाबतीत मराठी क्रिकेट तसंही उदार आहे. मैदानावर दोन माणसं उभी, त्यांना आपण पंच म्हणतो. गावच्या पारावरचे पाच पंच तसेच उचलून मैदानात नेऊन बसवले. ‘तिसरा पंच’ म्हणजे शब्दशः तिसरा पाच. त्याबद्दल आजवर एकाही फलंदाजानं अपील केलेलं नाही.

बाद होण्याच्या शब्दांत आखाडा आहे. त्रिफळाचीत, यष्टिचीत, पायचीत. चीत ही कुस्तीची बोली: पाठ मातीला टेकली की पैलवान चीत. २०२५ ची महाराष्ट्र केसरी नगरला झाली, तिथं चीत शब्दावरून किती रण माजू शकतं ते अख्ख्या राज्यानं पाहिलं. कुणाची पाठ टेकली आणि कुणाची नाही, याचा वाद दिवसेंदिवस चालला. क्रिकेटमधलं पायचीतही तसंच, कायम वादाचं. डाव हाही तालमीतलाच. सलामीही तालमीत आणि दरबारात दोन्हीकडं. यष्टी मात्र पुस्तकातून आली. तिचं दुसरं वास्तव्य ‘अंगयष्टी’त, तेही कादंबरीच्या नायिकेपुरतं. गंमत अशी की याच यष्टीची प्राकृतात लट्ठी झाली आणि तिची आपली लाठी. यष्टिरक्षक म्हणजे सरळ मराठीत लाठीराखा. धोनीला लाठीराखा म्हणून पाहावं, चित्र काही वाईट दिसत नाही.

आता विक्रम. रोजच्या क्रीडापानावर हा शब्द इतक्यांदा छापला जातो की त्याच्या पायांकडं कुणाचं लक्ष जात नाही. क्रम् धातूचा अर्थ पाऊल टाकणं. त्यातून क्रम, आक्रमण, अतिक्रमण, पराक्रम, उपक्रम आणि विक्रम. विक्रम म्हणजे पाय फाकून टाकलेली मोठी ढांग. तीन ढांगांत त्रिभुवन मोजणारा वामन म्हणून त्रिविक्रम. ढांगेवरून शौर्य, आणि शौर्यावरून, अगदी अलीकडं, खेळातला विक्रम. इंग्रजीचा ‘रेकॉर्ड’ मूळचा नोंदवहीचा, कारकुनाचा शब्द. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी ‘आठवणे’ आहे. त्यांच्याकडं विक्रम लिहिला जातो, आपल्याकडं टाकला जातो. म्हणून एखाद्याच्या विक्रमाला ‘मागं टाकलं’ हे मराठीत नेमकं शोभतं; ढांग मागं टाकता येते.

आणि वामनाची गोष्ट निघाली की बळी आलाच. पाताळात दडपला गेलेला तो बळीराजा. आणि गोलंदाज घेतो तोही बळी. संस्कृतात दोन्ही बलिच: राजाचं नाव आणि देवाला वाहायचा नैवेद्य. चामिंडा वासनं २००१ मध्ये कोलंबोला झिंबाब्वेचे १९ धावांत ८ बळी घेतले, एकदिवसीय सामन्यांतला तो विक्रम अजून कुणी मागं टाकलेला नाही. ‘आठ बळींचा विश्वविक्रम’ असा मथळा आपण सहज वाचून जातो. त्यात वामनावताराची अख्खी कथा आहे: विश्व, विक्रम आणि बळी. फरक इतकाच की महाराष्ट्रात दिवाळीच्या ओवाळणीला ‘इडापीडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. आपलं मन वामनाच्या बाजूचं नाही. बाद झालेल्याविषयी ही माया मराठी वाचकात मुरलेली आहे. सुनील गावसकरनं ७ जून १९७५ ला पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी लॉर्ड्सवर साठ षटकं उभं राहून १७४ चेंडूंत नाबाद ३६ काढल्या. झटपट क्रिकेटमधला सर्वांत कुप्रसिद्ध डाव. तरी मुंबई-पुण्याकडं आजही कुणी ना कुणी त्याची बाजू मांडणारा भेटतोच. ‘झटपट’ मधला झट संस्कृतच्या ‘झटिति’चा भाऊ, अर्थ ‘लगेच’. त्या दिवशी तो लॉर्ड्सला आलाच नव्हता.

विक्रम मोडतात, हे मात्र इंग्रजीच्या वळणाचं. ढांग मोडायची कशी? पण मराठीनं त्यातही आपला संसार घुसवला आणि ‘विक्रम मोडीत काढला’ म्हणू लागली. मोडीत काढतात ती भांडी: पोचे आलेला हंडा, कल्हई उडालेलं पातेलं. तांबट वजन करतो, मोडीचा भाव लावतो, त्यात वर पैसे घालून नवं घ्यायचं. विक्रमाचं यापेक्षा खरं वर्णन मला सापडलेलं नाही. झहीर खान आणि जवागल श्रीनाथ यांच्या नावावर विश्वचषकातले प्रत्येकी ४४ बळी होते, भारतीयांत सर्वाधिक. २ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवरच, श्रीलंकेविरुद्धच, मोहम्मद शमीनं १८ धावांत ५ घेऊन तो मोडीत काढला. आणि तेरा दिवसांनी त्याच मैदानात न्यूझीलंडचे ५७ धावांत ७ घेऊन नवं भांडं वाजवून दाखवलं. जुन्या भांड्याचं तांबं नव्यात असतं, ही गोष्ट वेगळी.

हॅटट्रिकला मराठी शब्द मिळालाच नाही. १८५८ मध्ये शेफिल्डला एच. एच. स्टीफन्सननं तीन चेंडूंत तीन बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्याला टोपी भेट दिली, तिथून हा शब्द आला असं सांगतात. आपल्याकडं त्याला फेटा बांधला असता. टोपीचा अनुवाद करणं मात्र धोक्याचं होतं. मराठीत टोपी घातली म्हणजे फसवलं. म्हणून हॅटट्रिक तशीच राहिली, आणि आता आमदारही तिसऱ्यांदा निवडून आला की हॅटट्रिकच करतो. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक मराठी मुलखातच झाली, ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपूरला. चेतन शर्मानं न्यूझीलंडच्या रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड या तिघांचेही त्रिफळे उडवले. तीन त्रिफळे म्हणजे नऊ फळ्या! त्याच सामन्यात गावसकरनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या, त्याचं एकदिवसीय क्रिकेटमधलं एकमेव शतक, आणि लॉर्ड्सचं उट्टं काढलं. त्याच शहराच्या जामठा मैदानावर १० नोव्हेंबर २०१९ ला दीपक चहरनं बांगलादेशचे ७ धावांत ६ बळी घेतले, हॅटट्रिकसह. पुरुषांच्या वीस षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यातला तो त्या वेळचा विश्वविक्रम.

हे सगळं बाड आकाशवाणीवरून घराघरांत पोचलं. बाळ ज. पंडितांनी मराठी समालोचन लोकांच्या अंगवळणी पाडलं, वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून क्रीडापानाला स्वतःचा मान मिळवून दिला. अलीकडं मात्र हेच शब्द ‘जड’ म्हणून बाजूला सारायची घाई दिसते. ‘बॅटर’, ‘विकेट’, ‘रन’ सरसकट येऊ लागले आहेत. बोलीत ते होतेच, तक्रार नाही. पण ‘बॅटर’ची कथा ऐकण्यासारखी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये एमसीसीनं नियमांतून ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ घातला, कारण त्या शब्दात पुरुष होता. मराठीत ही भानगड नव्हतीच. तो फलंदाज, ती फलंदाज; तो गोलंदाज, ती गोलंदाज. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक सचिनचं नव्हे, बेलिंडा क्लार्कचं. १६ डिसेंबर १९९७ ला मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर, डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९. सांगलीच्या स्मृती मानधनानं सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक ठोकलं. दोघींना ‘फलंदाज’ म्हणताना मराठीला एक अक्षरही बदलावं लागत नाही. जे इंग्रजीनं २०२१ मध्ये साधलं, ते आपल्याकडं पहिल्या दिवसापासून होतं. ते टाकून आपण ‘बॅटर’ लिहितो, याला नवेपणा म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

आणि ज्यांना हे शब्द पुस्तकी वाटतात, त्यांनी उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही टेनिस बॉल स्पर्धेला जावं. गहू निघालेल्या रानात रोलर फिरवून पट्टी केलेली, एका बाजूला मंडप, मंडपात टेबल, टेबलावर गुणलेखकाची वही आणि वाऱ्यानं ती उडू नये म्हणून वर ठेवलेला चषकाचा खोका. खेळणारी पोरं एकमेकांना ‘बोल्ड’, ‘कॅच’, ‘सिक्स’च म्हणतात. टोकांना नावं आहेत: एक विहिरीकडचं, एक मळ्याकडचं. माईकवाला एरवी त्यांच्याच भाषेत बोलतो. पण चेंडू उसात गेला की त्याचा आवाज चढतो आणि तोंडून निघतं, ‘उत्तुंग षटकार!’ ‘विहिरीच्या बाजूनं गोलंदाजीत बदल’, ‘गडी बाद’, ‘भोपळाही न फोडता माघारी’. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. रेडिओवरून बापाच्या कानात गेलं, बापाच्या तोंडून याच्या. त्यात तो स्वतःची भर घालतो: शेताचं, पाटाचं, बैलाचं, कारखान्याच्या भोंग्याचं काहीतरी, आणि त्यातलं एखादं इतकं नेमकं असतं की वर्तमानपत्रात यायला हवं.

या माईकवाल्यांचे शब्द अजून कुठल्या कोशात गेलेले नाहीत. श्रीरामपूर, राहाता, संगमनेर, पारनेर, जामखेड, कुठंही अशा सामन्याला बसलात, तर धावसंख्या गुणलेखकावर सोडा. तुम्ही खिशातल्या कागदावर शब्द उतरवून घ्या, गावाचं नाव आणि तारीख घाला, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात नेऊन द्या.